जुनं प्रदर्शन-पोस्टर वाचायचं कसं: चिन्हाचा अर्थ सगळ्यात शेवटी

उपयोजित कलेच्या मुलांच्या जर्नलमध्ये जुन्या प्रदर्शनाच्या पोस्टरवरचं टिपण उघडलं की पहिलंच वाक्य बहुधा अर्थाचं असतं. लाल म्हणजे क्रांती, वर्तुळ म्हणजे विश्व, तिरकी रेघ म्हणजे गती. पोस्टर कोणत्या प्रदर्शनाचं, ते कुणी छापून घेतलं, समोरची प्रत त्या काळची की हल्लीची, तिच्या कडा कापल्या आहेत का, याचा उल्लेखच नसतो. मग अर्थ कितीही छान लिहिला तरी तो पोस्टरचा राहत नाही, लिहिणाऱ्याचा होतो. घरात लावायला अशा पोस्टरची प्रत विकत घेणाऱ्यांचंही हेच होतं.

यावर उपाय क्रमाचा आहे. आधी मजकूर, मग छपाई, मग मांडणी, मग अक्षरं आणि त्यानंतर चिन्ह. पायऱ्या उलटसुलट केल्या तर आधी काढलेला अर्थ पुढचं सगळं स्वतःच्या बाजूनं ओढून घेतो. क्रम पाळणं कंटाळवाणं वाटेल, पण पहिल्या दोन पायऱ्यांतच निम्मे चुकीचे अर्थ गळून पडतात.

तयारी: टेबल, भिंग आणि हवा

लागणारं साहित्य साधं आहे. स्टीलची पट्टी, मापाची टेप, मऊ पेन्सिल, बटर पेपर, छोटी टॉर्च आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. भिंगासाठी कलासाहित्याच्या दुकानात महागडी वस्तू शोधत बसू नका. छापखान्यात डॉट बघायला जे भिंग वापरतात तेच हवं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या तुर्भे-महापे भागात ओळखीचा छापखाना असेल तर तिथे विचारा. शक्य असेल तर मशीनवर एकेक रंग कसा चढतो तेही उभं राहून बघा. दुसरी पायरी त्यानं फार सोपी होते.

हातात कागद नसेल, फक्त स्क्रीनवरचं चित्र असेल, तर ते संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. तिथे चित्राबरोबर लांबी-रुंदी, छपाईचं तंत्र आणि साल दिलेलं असतं. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रात यातलं काही नसतं आणि रंगही बदललेले असतात.

हातात जुना कागद असेल तर हात धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे घालू नका. त्यांत कागदाची कड जाणवत नाही आणि फाटकी कड धाग्यात अडकते. पंखा बंद ठेवा. टेबलावर स्वच्छ पांढरी चादर अंथरा. पेन आणि मार्कर त्या टेबलाच्या आसपासही नकोत.

ठाणे, ऐरोली, वाशी हा सगळा खाडीकाठचा पट्टा. पावसाळ्यात इथला कागद हवेतला दमटपणा ओढून घेतो, फुगतो आणि लाटा धरतो. गुंडाळलेलं जुनं पोस्टर जुलैत सक्तीनं सपाट करायला जाल तर शाई गुंडाळीच्या रेषेवर तडकेल. काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत ठेवा. पोस्टर बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात तर कधीच ठेवू नका, कारण इमारतीची ओल आधी त्याच भिंतीतून येते.

इशारा: जुन्या पोस्टरला लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन सुखरूप निघत नाही. सेलोटेपचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा.

पायरी 1: फक्त मजकूर वाचा

चित्राकडे दुर्लक्ष करून पोस्टरवरचा शब्दन् शब्द उतरवून घ्या. भाषा जर्मन असो वा फ्रेंच, अक्षरं जशीच्या तशी लिहा आणि मग शब्दकोश उघडा. चार गोष्टी हव्यात: आयोजक कोण, प्रदर्शन कशाचं, कुठे, कधी.

हे कंटाळून सोडणाऱ्यांसाठी 1925 च्या पॅरिस प्रदर्शनाचं उदाहरण देतो. शार्ल लूपोनं त्यासाठी केलेल्या पोस्टरवर काळा कारखाना आहे, धुराडी आहेत आणि धुराचे ढग गुलाबाच्या आकाराचे झालेत. मजकूर न वाचता लिहिलेल्या टिपणांत इथे प्रदूषण येतं, निसर्गाचा सूड येतो. मजकूर वाचला की कळतं, हे 'आधुनिक सजावटी आणि औद्योगिक कलां'चं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन आहे. सजावट म्हणजे गुलाब, उद्योग म्हणजे धुराडं. प्रदर्शनाचं लांबलचक नाव लूपोनं एका चित्रात बांधलंय. किल्ली मजकुरातच होती.

तारखांबाबत सावध राहा. बाउहाउस या जर्मन कला-शाळेच्या वायमारमधल्या प्रदर्शनासाठी योस्ट श्मिटनं केलेल्या 1923 च्या पोस्टरवर जुलै ते सप्टेंबर असं छापलंय. प्रत्यक्षात प्रदर्शन 15 ऑगस्टला उघडलं. पोस्टर आधी छापलं जातं, त्यामुळे त्यावरची तारीख ही आयोजकांची योजना असते. टिपणात 'पोस्टरनुसार' आणि 'प्रत्यक्षात' अशा दोन ओळी ठेवा.

खालच्या कडेची बारीक अक्षरंही उतरवा. 'लिथ.', 'इम्प.', 'द्रुक' अशा शब्दांजवळ छापखान्याचं नाव असतं. फ्रेंच पोस्टरवर कधी छोटा गोल शिक्का दिसतो. तो जाहिरात-कराचा, मुद्रांकाचा. त्याला आयोजकाचं बोधचिन्ह समजून अर्थ लावलेले मी वाचलेत.

पडताळणी: चारपैकी एखादं उत्तर पोस्टरवर नसेल तर रकाना रिकामा ठेवा. अंदाज लिहू नका.

पायरी 2: छपाई आणि प्रत ओळखा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

आधी माप. रुंदी-उंची मोजा, रुंदीला उंचीनं भागा आणि संग्रहालयाच्या नोंदीतल्या मापाचा तोच भागाकार काढा. दोन आकडे जुळले नाहीत तर तुमची प्रत कापलेली आहे. बाजारातल्या प्रती ए-थ्री किंवा 18 × 24 इंचांच्या तयार फ्रेममध्ये बसाव्यात म्हणून सर्रास कापतात, आणि नेमकी रिकामी जागा कापतात. मग विद्यार्थी लिहितो, 'आकृती चौकटीत कोंडलेली वाटते'. कोंडली ती कापणाऱ्यानं.

आता भिंग. चेहऱ्यावर किंवा छायेवर ठेवू नका. सपाट रंगाच्या पट्ट्यावर आणि मोठ्या अक्षराच्या कडेवर ठेवा. शिळाछापाच्या जुन्या पोस्टरमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड किंवा पत्रा असायचा. म्हणून सपाट लाल भिंगाखालीही सलग लालच दिसतो, आणि छायेच्या जागी खडूनं घासल्यासारखे ओबडधोबड कण दिसतात. त्याच लाल पट्ट्यात गुलाबी आणि पिवळ्या ठिपक्यांची शिस्तशीर जाळी दिसली, तर ती मूळ पोस्टरच्या फोटोवरून काढलेली चार रंगांची ऑफसेट प्रत आहे. जाळीही नाही, नुसते बारीक शिंतोडे आहेत, तर इंकजेट.

नुसते ठिपके दिसले म्हणून प्रत नकली ठरवू नका. ज्या पोस्टरमध्ये मुळात छायाचित्रच वापरलंय तिथे छायाचित्राच्या भागात छपाईचं बारीक पोत असणारच. एल लिसित्स्कीचं 1929 चं झुरिकमधल्या सोव्हिएत प्रदर्शनाचं पोस्टर छायाचित्रं जोडूनच केलंय. म्हणूनच अक्षराची कड आणि सपाट रंग बघायला सांगतोय.

मग रंग मोजा. डोळ्याला किती दिसतात ते नको, किती वेळा कागद मशीनखालून गेला ते. दोन रंग एकमेकांवर चढले की तिसरा फुकट मिळतो. जिथे रंग जरासा सरकलाय, छापखान्याच्या भाषेत रजिस्ट्रेशन हललंय, तिथे पातळ कड दिसते आणि मूळ रंग किती ते मोजता येतात. लाल-काळ्या पोस्टरचा अर्थ लावण्याआधी हा हिशोब हवाच. दोन रंगांचं पोस्टर चार रंगांपेक्षा स्वस्त पडतं आणि लांबून ठसठशीत दिसतं. लाल निवडण्यामागे विचार असू शकतो, पण तिसरा रंग नसण्यामागे बहुतेक वेळा पैसा असतो. विचार किती आणि पैसा किती, हे वेगळं केल्याशिवाय रंगावर एक वाक्यही लिहू नका.

शेवटी दिवा घालवा आणि टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरा. घड्या, फाटलेलं, मागून जोडलेलं सगळं वर उठून दिसेल. जुनी पोस्टरं घडी घालून पाठवायचे. त्या घड्यांच्या रेषा मांडणीचा भाग नाहीत.

एक गोष्ट आपल्याकडच्या उदाहरणाची. 1938 च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी नंदलाल बोस यांनी केलेल्या चित्रांना सगळे 'हरिपुरा पोस्टर्स' म्हणतात. ती छापलेली नाहीत, हातानं रंगवलेली आहेत. तिथे रंगांचे दगड मोजण्यात अर्थ नाही. ब्रशची रेघ कुठे जाड झाली आणि कुठे उचलली, ते बघायचं. समोरच्या वस्तूचं नाव काहीही असो, ती छापील आहे की रंगवलेली, हे या पायरीत पक्कं करा.

इशारा: एकाच पोस्टरच्या दोन आवृत्त्या असू शकतात. व्हिएन्ना सेसेशन या बंडखोर कलाकारांच्या संघटनेच्या पहिल्या प्रदर्शनाचं गुस्ताव क्लिम्टचं 1898 चं पोस्टर घ्या. पहिल्या आवृत्तीत ग्रीक पुराणातला वीर थीसिअस पूर्ण नग्न आहे. सेन्सॉरनं हरकत घेतली, म्हणून नंतरच्या आवृत्तीत त्याच्यापुढे झाडाचे बुंधे आले. त्या बुंध्यांना 'अज्ञानाचं अरण्य' म्हणणारं टिपण वाचायला सुरेख वाटेल, पण ते बुंधे तिथे सरकारी आक्षेपामुळे उगवलेत. तुमच्यासमोर कोणती आवृत्ती आहे ते आधी लिहा.

पायरी 3: बटर पेपरवर मांडणी उतरवा

मूळ जुन्या कागदावर बटर पेपर ठेवून पेन्सिल चालवू नका, दाब उमटतो. फोटोची त्याच प्रमाणातली प्रिंट काढा आणि तिच्यावर ठेवा.

फक्त चार गोष्टी काढा. आकृत्यांच्या बाह्यरेषा, मजकुराचे ठोकळे, मुख्य रेषांचा कल आणि चेहऱ्यांच्या नजरांची दिशा. तपशील नको. बटर पेपर उचलून कोऱ्या कागदावर ठेवला की पोस्टरचा सांगाडा दिसतो, आणि रिकामी जागा पहिल्यांदाच नीट नजरेत भरते.

क्लिम्टचंच पोस्टर असं उतरवून बघा. वरच्या पट्टीत थीसिअस मिनोटॉर या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाशी लढतोय. उजव्या कडेला ढाल-भाला घेतलेली ग्रीक देवता अथेना उभी आहे, तिचा चेहरा एका बाजूनं दिसतो. मधला मोठा भाग कोरा. नवखे या कोऱ्या भागाला 'पार्श्वभूमी' म्हणून सोडून देतात. सांगाड्यात मात्र तोच सगळ्यात मोठा आकार निघतो. भिंतींवर खच्चून भरलेल्या जाहिरातींच्या गर्दीत एवढी जागा मोकळी सोडणं हा पोस्टरमधला सगळ्यात धीट निर्णय आहे. टिपणात तो अथेनाच्या आधी यायला हवा.

श्मिटच्या बाउहाउस पोस्टरचा सांगाडा याच्या अगदी उलट येतो. गोल, पट्ट्या आणि मजकूर सगळे एकाच तिरक्या अक्षाला धरून आहेत, आणि ऑस्कर श्लेमरनं केलेलं चेहऱ्याचं बोधचिन्हही त्याच कलात बसवलंय. कलाचा कोन मापा. 'तिरकं' एवढंच लिहून भागत नाही, कारण मजकूरही त्याच कोनात असेल तर वाचणाऱ्याला मान वाकवावी लागते, आणि ते मुद्दाम केलेलं असतं.

पडताळणी: बटर पेपर उलटा करून आरशातल्यासारखा बघा. तोल बिघडला तर डावी-उजवी निवड महत्त्वाची आहे. फारसा फरक पडला नाही तर 'डावीकडून उजवीकडे प्रवास' वगैरे लिहू नका.

पायरी 4: अक्षरं चित्र म्हणून बघा

ही पायरी छोटी आहे. अक्षरं टाइपाची की हातानं काढलेली ते ठरवा. सोपी खूण अशी की एकच अक्षर दोन ठिकाणी शोधायचं आणि भिंगातून तुलना करायची. टाइप असेल तर दोन्ही तंतोतंत सारखी येतात.

आल्फ्रेड रोलरच्या 1903 च्या सोळाव्या सेसेशन प्रदर्शनाच्या पोस्टरमध्ये 'सेसेशन'च्या रोमन स्पेलिंगमधले तिन्ही 'एस' लांबच लांब ओढलेत आणि त्या रेषांनीच पोस्टर सजलंय. चित्र वेगळं शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

देवनागरी पोस्टर असेल तर एक वेगळी काळजी घ्या. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, आपली शिरोरेषेला लटकतात. त्यामुळे ओळींमधलं अंतर वरून मोजा आणि वेलांटी, रफार, उकार यांना किती जागा दिलीय ते बघा. ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाच्या बाहेरच्या नाटकांच्या पाट्यांवर याचा सराव छान होतो. शीर्षकाच्या अक्षरातच विनोदी नाटक आणि रहस्यनाटक वेगळं कळतं.

पायरी 5: आता चिन्ह

कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात 'काय दिसतं', दुसऱ्यात 'तेव्हाच्या, तिथल्या माणसाला त्यातून काय कळलं असतं', तिसऱ्यात 'आयोजकाला त्यातून काय साधायचं होतं'. पहिला रकाना पूर्ण भरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. पहिल्यात विशेषणंही नकोत. 'हेल्मेट घातलेल्या बाईचं डोकं' चालेल, 'वीरांगना' नको.

1951 च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनचं एब्रम गेम्सनं केलेलं बोधचिन्ह असं मांडून बघू. दिसतं ते असं: हेल्मेटधारी बाईचं डोकं, खाली होकायंत्रासारखा चार टोकांचा तारा, आणि अर्धवर्तुळात लाल-पांढऱ्या-निळ्या पताका. तिथल्या माणसाला डोकं पाहून ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटन देशाचं स्त्रीरूप, आठवते, तारा पाहून दिशा, पताकांवरून जत्रा. आयोजकाचा रकाना भरायला पहिली पायरी मदतीला येते. युद्धानंतरच्या ओढगस्तीत, 1851 च्या मोठ्या प्रदर्शनाला शंभर वर्षं होताना, देशभर चाललेला हा उत्सव. ब्रिटानिया एकटी असती तर ते चिन्ह सरकारी मोहोरेसारखं कडक झालं असतं. पताकांनी ते लोकांचं केलं. हे वाक्य तिन्ही रकाने भरल्यावरच लिहिता येतं.

इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपले अर्थ त्यांच्यावर लादणं. व्हिएन्नाच्या सेसेशन इमारतीवर घुबडं आहेत. आपल्याकडे घुबड घरावर बसलं की अपशकुन. तिथे ते अथेनाचं, म्हणजे ज्ञानाचं. वेर्कबुंड या जर्मन कलाकार-उद्योजकांच्या संघटनेच्या 1914 च्या कोलोनच्या प्रदर्शनासाठी पेटर बेरेन्सनं मशाल घेतलेला घोडेस्वार काढलाय. महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात मशालीबरोबर आधी निवडणूक चिन्ह येतं. ते येणारच, पण टिपणात उतरता कामा नये. दुसरा रकाना नेमका याचसाठी आहे.

दुसरी चूक, खरोखर उभ्या असलेल्या वस्तूला कल्पना समजणं. जोसेफ बाइंडरच्या 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनाच्या पोस्टरवर एक टोकदार सुळका आणि एक प्रचंड गोळा आहे. त्यावर अणू, ग्रह, स्त्री-पुरुष तत्त्व असं बरंच लिहून होतं. ते ट्रायलॉन आणि पेरिस्फिअर, त्या प्रदर्शनाच्या मैदानावर बांधलेल्या इमारती. गोळ्याचा व्यास 180 फूट होता. म्हणजे पोस्टर प्रवाशाला सांगतंय की इथे आलास की तुला हे दिसेल. प्रतीकाचा विचार त्या इमारती बांधणाऱ्यांकडे न्यावा लागतो. बाइंडरचं काम त्या किती भव्य दाखवायच्या हे ठरवण्याचं होतं.

तिसरी चूक म्हणजे प्रेक्षक विसरणं. लिसित्स्कीच्या पोस्टरमध्ये मुलगा आणि मुलगी यांचे चेहरे एकमेकांत मिसळून मधला डोळा सामायिक झालाय. त्यात समता आणि एक दृष्टी वाचणं ठीकच. पण मजकूर जर्मनमध्ये आहे आणि पोस्टर झुरिकच्या भिंतींवर लागलं होतं. सोव्हिएत देश स्वतःच्या नागरिकांशी बोलत नाहीये, परक्यांना आपला चेहरा दाखवतोय. एवढं ध्यानात घेतलं की ते दोन चेहरे वरच्या दिशेला का बघतात, याचं उत्तर वेगळं येतं.

आणि चौथी, सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट: जे दाखवलेलं नाही ते न शोधणं. 1931 च्या पॅरिसच्या वसाहती प्रदर्शनासाठी देमरनं केलेल्या पोस्टरवर निरनिराळ्या वंशांचे चेहरे शेजारी-शेजारी आहेत आणि घोषवाक्य आहे 'एका दिवसात जगाची सफर'. रंग देखणे, चेहरे रुबाबदार. त्यांत फ्रेंच माणूस नाही. तो पोस्टरच्या बाहेर उभा राहून बघणारा आहे आणि तिकीट त्यानं काढायचंय. आपण स्वतः साहेबाच्या वसाहतीत राहिलेल्यांचे नातू-पणतू. अशा पोस्टरवर लिहिताना 'विविधतेचा उत्सव' हे शब्द आपल्या हातून जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

पायरी 6: झाकून बघा

चिन्हाच्या आकाराचा कोरा कागद कापा आणि प्रिंटवर ते चिन्ह झाका. उरलेलं पोस्टर तेच सांगत असेल तर तुम्ही चिन्हाला जास्त वजन दिलंय. मग चिन्ह मोकळं ठेवून मजकूर झाका. आता अर्थ भलतीकडे गेला तर टिपणात मजकुराचा वाटा स्पष्ट लिहा. लूपोच्या पोस्टरवर हे करून बघाच.

त्यानंतर टिपणातल्या प्रत्येक अर्थाच्या वाक्याखाली पेन्सिलीनं आकडा लिहा: 1 म्हणजे मजकुरातून, 2 छपाईतून, 3 मांडणीतून, 4 अक्षरांतून, 5 रकान्यांतून. ज्या वाक्याखाली एकही आकडा लिहिता येत नाही ते खोडा, मग ते कितीही आवडतं असो.

सरावासाठी परदेशी पोस्टरचीच गरज नाही. वाशी स्टेशनजवळच्या सिडकोच्या प्रदर्शन केंद्राबाहेर बाराही महिने कुठल्या ना कुठल्या प्रदर्शनाचे फलक असतात. त्यांतला एक निवडा, सहाही पायऱ्या करा आणि मग आत जाऊन प्रदर्शन बघा. फलकानं काय कबूल केलं होतं आणि आत काय होतं, याची तुलना जुन्या पोस्टरबाबत आता करता येत नाही, इथे येते.

टिपणाची आणि कागदाची ठेवण

टिपणाच्या माथ्यावर पहिली ओळ प्रतीची असू द्या: मूळ, ऑफसेट प्रत की स्क्रीनवरचं चित्र, मोजलेलं माप, पाहिल्याची तारीख. अर्थ त्याखाली. कागद न्यायचा असेल तर बारीक नळीत घट्ट गुंडाळू नका. किमान तीन इंच व्यासाची नळी घ्या, छापील बाजू आत ठेवा आणि वरून ॲसिड नसलेला पातळ कागद गुंडाळा. ठाणे-वाशी लोकलमध्ये गर्दीच्या वेळी ती नळी वरच्या रॅकवर टाकू नका, तिच्यावर बॅगा येतात. दुपारची गाडी पकडा आणि नळी हातात उभी धरा.